बारावी तक्रार

मार्लीननं मैल्याच्या हौदाचं झाकण ओढून बाजूला केलं आणि ती दोन पावलं मागं सरली. आत तिच्या चारशे डुकरांचा महिन्याचा मैला साठला होता. शेजारची द्रिकामावशी काठी टेकत कडेला आली. या वासापायी तिनं नगरपालिकेकडं अकरा तक्रारी केल्या होत्या. बारावी झाली की शेड बंद.

"घ्या वास," पालिकेचे कायपर्स म्हणाले. "माझं नाक जमेस धरू नका. आम्ही ब्राबांत प्रांतातली माणसं डुकरांतच वाढलो."

मार्लीनचंही नाक या वासाला केव्हाच मेलं होतं. खाद्यवाला म्हणाला होता, पोटात जिरत नाही तेच मागून घाण मारतं. म्हणून सहा महिने तिनं सोयाबीन निम्म्यावर आणलं होतं, बिटाचा चोथा मिसळला होता, डुकरांची वाढ खुंटू नये म्हणून महागड्या भुकट्या तोलून घातल्या होत्या.

मावशीनं डोळे मिटून श्वास ओढला.

"नाही," ती म्हणाली. "पूर्वीचा तो वास नाही."

मार्लीननं झाकण तसंच सोडून मावशीला हात दिला.

कायपर्स हौदाची मापं घ्यायला थांबले. दोघी तक्रार मिटल्याच्या कागदावर सहीसाठी मावशीच्या घरी आल्या. दार उघडताच करपल्याचा उग्र वास मार्लीनच्या घशात शिरला. कॉफीसाठी ठेवलेलं दूध आटून पातेलं काळं पडलं होतं. मावशी शेगडीकडं पाठ करून निवांत कप मांडू लागली.

मार्लीननं गॅस बंद केला. खटक्यानं मावशी वळली आणि पातेल्याकडं बघत राहिली.

"कधीपासून वास येत नाही, मावशी?"

"गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून. पोराला कळलं तर तो मला वृद्धाश्रमात टाकेल गं."

"मग उन्हाळ्यातल्या तीन तक्रारी?"

"खिडकीतून शेड दिसायची. म्हटलं, वास असणारच."

मार्लीन काही बोलायच्या आत पायरीवर बूट वाजले.

"काय करपलं?" कायपर्सनी दारातूनच विचारलं.

मावशीनं मान खाली घातली.

"दूध," मार्लीन म्हणाली. "मी ठेवलं आणि बोलण्यात विसरले."

सही झाली. गाडी वळणाआड गेली तरी मावशी खुर्चीतून उठली नव्हती.

"मार्लीन, खरंच कमी झालाय का गं वास?"

मार्लीन पातेलं खरवडत होती.

"वारं गावाकडं फिरलं की गावच सांगेल," ती म्हणाली. "आणि उद्यापासून तुमचं दूध मी तापवून आणीन."