अठ्ठावन्न सुतार

“अठ्ठावन्न?” पौडच्या पोस्टमास्तरांच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. “अरे, अख्ख्या तालुक्यात तेवढे सुतार पक्षी नसतील, माणसांतले सुतार धरूनसुद्धा!”

पोस्टात आलेली माणसं खो-खो हसली. कुशाबा खांद्यावरची थैली उतरवत म्हणाला, “म्यां मोजल्यात, मास्तर. दरसाली धा-बारा दिसत्यात. औंदा लई हायेत.”

एकोणीसशे सत्तावन्न सालचा पौष होता. कुशाबा बावीस वर्षं डाकवाला होता. आठ मैल चालून ताम्हिणीकडच्या डाकवाल्याच्या हाती थैली द्यायची, त्याची घेऊन परतायचं. अक्षरओळख नव्हती, पण वाटेवरचं झाड न् झाड ओळखीचं होतं. आता मात्र तो पोस्टात शिरला की पोरंटोरं ‘टकटक’ करू लागली. बायको रंभाबाईसुद्धा म्हणाली, “कशापायी सांगता? लोक येडं म्हंत्यात.” ते त्याला फार लागलं.

मास्तरांनी गंमत म्हणून पुण्याच्या एका पक्षी अभ्यासणाऱ्या प्राध्यापकांना पत्र टाकलं आणि पुढच्याच रविवारी ते गळ्यात दुर्बीण अडकवून हजर झाले. मजा बघायला मास्तरही निघाले.

“एकच पक्षी दहादा मोजत असशील तू,” चालता चालता प्राध्यापक म्हणाले.

“न्हाई साहेब. फुडं उडाला त्यो धरत न्हाई. मागं ऱ्हायला त्योच धरतो. एक पक्षी, एक हिरडा.” कुशाबाने एका खिशातला वाळका हिरडा दुसऱ्या खिशात टाकून दाखवला.

प्राध्यापकांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

दोन मैल झाले. दाट धुकं, आणि पक्ष्याचं पीसही नाही. “आज रविवार, कुशाबा. रजेवर असतील!” मास्तर म्हणाले.

“ऊन चढू द्या,” कुशाबा म्हणाला. आणि खिशातले हिरडे चाचपले.

मग डोंगरामागून ऊन आलं. धुकं दरीत उतरलं आणि उन्हाळ्यातल्या वणव्यात होरपळलेली उतरणीवरची ऐनाची झाडं दिसू लागली. कुठेतरी टक् झालं. पलीकडून उत्तर आलं. बघता बघता सगळी उतरण ठोकू लागली. सोनेरी पाठीचे, लाल तुऱ्याचे, तांबूस, चिमणीएवढे बारके. एकेका खोडावर तीन-तीन! कुशाबाने एका खोडाची साल उचकटली. आत बोटाएवढी पांढरी अळी वळवळत होती.

“वणव्यानं झाडं अर्धी मेली, त्यात ह्या झाल्या. म्हनून सुतार आल्यात.”

प्राध्यापकांची पेन्सिल थांबेना. मास्तर तोंड उघडं टाकून वर बघत होते.

वाट संपली तेव्हा प्राध्यापकांच्या वहीत सत्तावन्न होते. कुशाबाच्या खिशात अठ्ठावन्न हिरडे.

“एक जास्त झाला,” मास्तर घाईने म्हणाले.

“न्हाई. वढ्यावरच्या वळणाला, वाळल्या जांभळीच्या मागल्या अंगाला एक हुता. साहेब तवा बुटाची नाडी बांधत हुते.”

प्राध्यापक परत फिरले. मैलभर चालून जांभळीला वळसा घातला. खोडाच्या मागे, ढोलीच्या तोंडाशी, लाल तुऱ्याचा एक सुतार निवांत ठोकत बसला होता.

प्राध्यापक हसले. सत्तावन्नावर काट मारून त्यांनी अठ्ठावन्न लिहिलं आणि खाली पेन्सिल टेकवून विचारलं, “तुमचं पूर्ण नाव सांगा.”

तुमचं! कुशाबाने डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं.

“कुशाबा भिवाजी मारणे.”

परतीला तो सवयीने दोन पावलं मागे राहिला. प्राध्यापक थांबले, वाटेतून बाजूला झाले आणि म्हणाले, “तुम्ही पुढे व्हा. वाट तुमची आहे.”

कुशाबा पुढे झाला. त्याच्यामागून प्राध्यापक, आणि सगळ्यांत शेवटी पोस्टमास्तर.