तारीखमातेचे मणी

चपलांच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत दर शनिवारी संध्याकाळी मुंगीलाही शिरायला जागा नसे. जिन्यात बायका, खिडकीत बायका, आणि टोकाला उंच खुर्चीवर तारीखमाता. मातेची कीर्ती एकाच गोष्टीची होती. ती बाईला पाळीची तारीख सांगायची आणि पाळी त्याच तारखेला यायची. अंदाजे नाही. बुधवार म्हटलं की बुधवार. जिची पाळी आगंतुक पाहुण्यासारखी कधीही टपकायची, ती मातेकडे गेल्यापासून वक्तशीर होई. वर पोटदुखीही कमी. मग कोण विश्वास ठेवणार नाही?

"चंद्र माझ्या मुठीत आहे, पोरींनो," माता डोळे मिटून म्हणायची. "मूठ मिटली की थांबतो, उघडली की उतरतो."

चंद्राला एवढ्या बायकांची कामं एकदम कशी जमतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

उपाय साधा होता. एक कापडी पिशवी, तिच्यात एकवीस पिवळे मणी आणि सात तांबडे. पहिल्या वेळी पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करायची, मग रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला एक गिळायचा, आधी पिवळे, मग तांबडे, आणि पिशवी संपली की दुसऱ्या दिवसापासून नवी. "रानातल्या मुळ्या आहेत, माझ्या हातांनी वळलेल्या. एक जरी चुकला तर माझा शब्द मोडेल, मग मला बोल लावायचा नाही." आणि मागच्या भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'मातेची लेकरं'.

त्या फोटोंसाठीच एका घरातल्या दोन जावांपैकी धाकटी तिथे जात होती. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं, आणि सासूबाई दर महिन्याला काही न विचारता नुसत्या तोंडाकडे बघत. आठ महिने तिने एकही मणी चुकवला नाही. आठही महिने पाळी ठरल्या दिवशी आली. "कूस स्वच्छ होतेय," माता म्हणायची. धाकटी घरी येऊन रडायची आणि सात वाजता पुन्हा पिशवी उघडायची.

थोरल्या जावेला हे बघवत नव्हतं. दोघी एकाच शर्टांच्या कारखान्यात कामाला. धाकटी बटणं लावायची, थोरली तयार माल तपासायची. बावीस वर्षं सुटलेला धागा आणि वाकडं बटण हेरून तिला सगळे भिंग म्हणू लागले होते. त्या मंगळवारी, आठ तारखेला, तिने धाकटीच्या हातातला मणी काढून घेतला.

"हे मातेने हाताने वळलेत?"

"हो, ताई. रात्र रात्र बसून वळतात म्हणे."

भिंगने पिशवी ताटात उपडी केली. "अगं, माझा जन्म गेला हाताचं काम तपासण्यात. हाताने लावलेली दोन बटणं कधी सारखी बसत नाहीत. आणि हे बघ, केसाचा फरक नाही. मातेच्या हाताला साचा आहे का?"

तिने मणी वाटीभर पाण्यात टाकला. पिवळा रंग साखरेच्या पाकासारखा सुटला. खाली पांढरी चपटी गोळी निघाली आणि गोळीवर ठसठशीत छाप.

"रानात हल्ली मुळ्यांवरही छाप मारतात वाटतं," भिंग म्हणाली. धाकटी हसली नाही.

त्याच संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी उलटीपालटी करून पाहिली, मणी मोजले, आणि धाकटीकडे बघून आवाज हळू केला.

"ह्या मूल न होण्याच्या गोळ्या वाटतात. एकवीस गोळ्यांत हार्मोन असतात. ते चालू असेपर्यंत बाईचं बीज सहसा बाहेर पडत नाही. गोळी थांबली की दोन-चार दिवसांत रक्त येतं. ती खरी पाळी नाही, औषध थांबल्याचा परिणाम आहे. म्हणून तर तारीख चुकत नाही आणि पोटही कमी दुखतं. तांबड्या सातांत बहुतेक नुसतं लोह, दिवस मोजायला."

"म्हणजे मी मूल व्हावं म्हणून..." धाकटीने पिशवी टेबलावर ठेवली.

"नुसतं बघून मी शपथ घेणार नाही. मातेने तारीख कुठली दिलीय?"

"एकोणीस."

"पिवळे किती झाले?"

"तेरा."

"तुला मूल हवंय ना? मग आजपासून बंद कर. चार-पाच दिवसांच्या आत रक्त येईल. एकोणीसपर्यंत थांबलं तर माता खरी, मी खोटी."

तोवर भिंग गप्प बसली नव्हती. भिंतीवरच्या लेकरांपैकी चौघांच्या आया कारखान्यातच होत्या. जेवणाच्या सुट्टीत तिने एकेकीला गाठून एकच विचारलं, की दिवस गेले तेव्हा मणी चालू होते का.

शनिवारी खोली नेहमीसारखी गच्च होती. मातेने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "एकोणीस, पोरी. सूर्य मावळायच्या आत."

"काल आली," धाकटी म्हणाली.

खोलीत कुणीतरी खोकलं. मातेने हात काढून घेतला. "मणी चुकवलास तू. माझा शब्द मोडलास."

"बरोबर," भिंग उठली. "मणी थांबवला आणि आली. म्हणजे तारीख मण्याची झाली, माते. तुमची कुठली?" तिने पाण्याची वाटी पुढच्या बायकांत ठेवली आणि उरलेले मणी आत सोडले. "आणि तुमच्या लेकरांचं सांगते. एकीने कंटाळून मणी सोडले. एक माहेरी गेली, पिशवी घरी राहिली. एकीला उलट्या होत होत्या, मणी पोटात टिकेना. चौथी अधूनमधून विसरायची. चौघींना दिवस गेले. नेमाने घेत असताना गेले, अशी एक तरी दाखवा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वाटीतलं पाणी पिवळं होत होतं. मातेला अचानक समाधी लागली. समाधीसाठी ती आतल्या खोलीत गेली, आणि त्या खोलीला मागचा जिना होता. पुढच्या शनिवारी खुर्ची रिकामीच राहिली.

"पण दुखणं तर कमी झालं होतं," दवाखान्यात जमलेल्या मातेच्या बायकांतली एक पोरगी तक्रारीच्या सुरात म्हणाली.

"होणारच, औषध चांगलंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूल नको असेल, पाळीचा त्रास असेल, तर अवश्य घ्यावं. पण आधी रक्तदाब बघावा लागतो. सिगारेट, अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्या, सगळं विचारावं लागतं. काहींना ते चालत नाही. मातेने विचारलं होतं कुणाला? आणि एक ऐका. मूल नको असेल तर रागाच्या भरात मणी फेकून स्वस्थ बसू नका. गोळी सुटली की लगेच दिवस जाऊ शकतात."

धाकटी कोपऱ्यात बसली होती. "आठ महिने मी हात जोडून मूल मागत होते," ती म्हणाली, "आणि सात वाजता त्याच हाताने अडवत होते. हे काय आहे एवढं तरी कुणी सांगायचं." भिंगने तिचा हात धरला.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, नवऱ्यालाही घेऊन ये म्हणून बजावलं, आणि दिवस जाण्याआधीपासून घ्यायची एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली. गोळी पिवळीच होती. भगिनींनो, ही गोष्ट ऐकून एवढं लक्षात ठेवा: हातावर गोळी ठेवणारी माता असो नाहीतर डॉक्टर, विचारायला कधी कमीपणा वाटून घेऊ नका. जिला उत्तर द्यायचा राग येतो तिची गोळी परत करा. धाकटीने तळहात मिटला नाही.

"हिचं नाव काय, बाई? आणि ही काय करते?"

डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, आणि पोटातल्या बाळाचा पाठीचा कणा नीट घडायला ती लागते हेही सांगितलं. धाकटीने पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मगच पाणी मागितलं.