रविवारची प्रत

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच तक्रार होती: डिस्क सापडत नाही. बाईंनी एक आज्ञा टाइप केली. यंत्राने तेच उत्तर दिलं. दुसरी टाइप केली, पुन्हा तेच. तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला.

"बाई, पहिला पेशंट टेबलावर झोपवलाय आणि इथे नुसतं लाल लाल दिसतंय," किरणोपचाराच्या मशीनवरचा ऑपरेटर वरून बोलत होता. "नाव येत नाही, डोस येत नाही. मशीन चालूच होत नाहीये."

"व्हायलाही नको. पेशंटला उठवा आणि बाहेर बसवा. सर्व्हर पडलाय."

"किती वेळ लागेल?"

"कळलं की सांगते," म्हणत बाईंनी फोन ठेवला.

पगाराच्या कागदावर त्यांचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण रुग्णालयात सगळे त्यांना 'तळघरातल्या बाई' म्हणायचे. वरच्या मजल्यांवरच्या निम्म्या लोकांनी त्यांना कधी पाहिलंही नसेल. सगळं सुरळीत चालू असलं की त्यांची कुणाला आठवण येत नसे, आणि त्यांना ते पसंत होतं. थंडगार खोली, पंख्यांची घरघर, खुर्चीच्या पाठीवर कायमची टाकलेली शाल. केस काळे होते तेव्हापासून त्या इथेच होत्या.

खोलीत एक मोठा लिनक्स सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात आणखी काही संगणक राहत होते. खरे नव्हेत, सॉफ्टवेअरने उभे केलेले, आभासी. पण त्यातला प्रत्येक जण स्वतःला पुरता संगणक समजून काम करायचा. एकात प्रयोगशाळेचे अहवाल, दुसऱ्यात औषधांचा साठा, आणि तिसऱ्यात किरणोपचाराच्या नोंदी. कोणत्या रोग्याला, शरीरात नेमक्या कुठे, किती किरण द्यायचे आणि आजवर किती देऊन झाले, हे सगळं त्या तिसऱ्यात. त्याने होकार दिल्याशिवाय वरचं मशीन चालू होत नसे.

पहाटे वीज गेली होती. बॅटरीने थोडा वेळ तग धरला आणि मग तिनेही मान टाकली. वीज परत आली, पण सर्व्हर काही जागा होईना. झोपेतून उठलेल्या संगणकाला तू कोण, तुझं सामान कुठे ठेवलंय हे सांगणारा एक छोटासा प्रोग्रॅम असतो, बूटलोडर. गेल्या महिन्यातल्या अपडेटने त्याचा नवा भाग एका डिस्कवर लिहिला होता आणि दुसऱ्या डिस्कवर जुनाच राहू दिला होता. सर्व्हर चालू होता तोवर हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. आज तो नेमका जुन्याच्या नादी लागला होता.

बाईंनी पेनड्राइव्ह लावला, बाहेरून सर्व्हर चालू केला आणि त्याच्या डिस्कमध्ये शिरून बूटलोडर नव्याने लिहिला, दोन्ही डिस्कवर. मग बटण दाबलं आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. पंखे एकदम गरजले. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. प्रयोगशाळेचा संगणक उठला. औषधांचा उठला. बाईंचा जीव भांड्यात पडणार, इतक्यात तिसऱ्याची खिडकी उघडली आणि तिथेच थिजली. मुख्य डिस्क सापडत नाही, काम थांबवत आहे.

बाहेरचा जागा झाला होता आणि आतला बेशुद्ध होता.

*

सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर अगदी निवांत होता. "रविवारची बॅकअप प्रत आहे ना तुमच्याकडे? ती वर चढवा. अर्ध्या तासात सुरू होईल."

"आज शुक्रवार आहे."

"मग चार दिवसांचं हाताने भरा. नाहीतर डिस्क दुरुस्त करायची आज्ञा चालवून बघा. चाललं तर चाललं."

रोजच्या छोट्या प्रतीही होत्या. पण त्या त्याच न उठणाऱ्या संगणकाच्या डिस्कवर. आणि रविवारची प्रत चढवायची तर तिच्यासाठी वेगळी जागा नव्हती, आत्ताच्यावरच चढवावी लागणार. एकदा चढवली की सोमवार ते गुरुवार पुसले गेले.

मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. छतालगतचा पाइप डोक्याला लागू नये म्हणून वाकून आत शिरले. त्यांच्यामागून भौतिकतज्ज्ञ आली. प्रत्येक रोग्याच्या किरणांचं गणित तीच मांडायची, म्हणून तिला सगळे 'गणितवाली' म्हणत.

"बाई, बाहेर बसायला जागा राहिली नाही," डॉक्टर म्हणाले. "काही जण घाट चढून आलेत. कंपनीवाला अर्धा तास म्हणतोय, मग अडलंय कुठे?"

"रविवारची प्रत घेतली तर मधले चार डोस दिलेच नाहीत असं दाखवेल, सर."

"तेवढे कागदावर आहेत की. सह्यांनिशी."

"डोस आहेत," गणितवाली मध्येच म्हणाली, "पण मंगळवारी ज्यांचे प्लॅन बदलले त्यांचं काय? वजन उतरलं म्हणून आपण काहींच्या किरणांचे कोन बदलले. ते नवे प्लॅन फक्त याच्यातच आहेत. मला ते पुन्हा करायला दोन दिवस लागतील."

"त्यांना थांबवू. बाकीच्यांना तर सोडता येईल?"

डॉक्टर चुकीचं काही बोलत नव्हते. बाईंनाही ते कळत होतं. पण घाईघाईत कागदावरून भरताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर? एक दिवस चुकला तर भरून काढता येतो. जास्तीचा गेलेला डोस परत कसा काढणार?

"तुमचे मिस्टरही बसलेत बाहेर," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"त्यांचा प्लॅन मंगळवारीच बदललाय," बाई म्हणाल्या. "सर, मला बारा वाजेपर्यंत द्या."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "बारा. त्यानंतर रविवारची प्रत. मला माणसांना परत पाठवता येणार नाही."

*

मध्येच स्वागतकक्षातल्या नर्सचा निरोप आला. लोक तिचं ऐकेनात, बाईंनी स्वतः येऊन सांगावं. बाई जिना चढून वर गेल्या.

प्रतीक्षागृह गच्च भरलं होतं. भिंतीला टेकून, पायऱ्यांवर, खिडकीच्या कठड्यावर माणसं बसली होती. बाईंना पाहताच एक मधल्या वयाचा गृहस्थ ताडकन उभा राहिला.

"तुम्हीच का त्या काँप्युटरवाल्या? आम्ही पहाटेची गाडी धरून आलोय. आईच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. आणि इथे कुणी नीट सांगेल तर शपथ!"

"सर्व्हर बंद पडलाय," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमच्या नोंदी दिसल्याशिवाय किरण द्यायचे नाहीत, म्हणून थांबवलंय. मी करतेय. दुपारपर्यंत नक्की काय ते सांगते. पाणी, चहा घ्या, त्याला काही हरकत नाही."

"करतेय म्हणजे काय? होईल की नाही ते बोला!"

"बाराला सांगते."

"अरे, ओरडू नकोस त्यांच्यावर," बाजूच्या खुर्चीतून त्याची म्हातारी आई म्हणाली. ती इतकी लहानखुरी होती की पाय जमिनीला टेकत नव्हते. "यंत्रालासुद्धा वीट आला असेल. मला आला, त्याला नाही का येणार?"

तिच्या शेजारी बाईंचे यजमान बसले होते. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. पोरांच्या गलक्यावर आवाज चढवायची सवय. आता घशातून नुसती कुजबुज निघायची. म्हातारीचं ऐकून ते खांदे हलवत हसले, मग खोकले. बाई त्यांच्यापाशी वाकल्या.

"फार दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. होय की नाही, काहीच कळू दिलं नाही. मग बाईंचा कान जवळ ओढून कुजबुजले, "अगं, तुझा तो काँप्युटरचा डबा बिघडलाय की तू?"

"दोघंही."

"मग आधी तू पाणी पी."

बाई तिथेच उभ्या राहून घटाघट पाणी प्यायल्या आणि खाली पळाल्या.

*

अकरा वाजून गेले होते. बाईंनी आतल्या संगणकाचा बूटलोडर तपासला. तो ठीक होता. व्यवस्थित उठत होता, डिस्क शोधायला जात होता आणि हात हलवत परत येत होता. म्हणजे डिस्कच खराब झाली असणार. वीज जाताना काहीतरी लिहिणं अर्धवट राहिलं असेल. बाईंची खात्रीच पटत चालली. पुरती प्रत काढून तिच्यावर दुरुस्ती करून पाहायची, हा शहाणपणाचा मार्ग. पण जागा मिळवून तेवढी डिस्क उतरवायला संध्याकाळ झाली असती.

त्यांनी दुरुस्तीची आज्ञा टाइप केली. ही आज्ञा डिस्कवर जे जे बिघडलेलं वाटेल ते आपल्या मनाने पुसून नव्याने मांडते. आपलं निदान चुकलं तर रविवारची प्रत बरी म्हणायची वेळ येईल. बोट एंटरवर टेकलं.

"एक मिनिट," गणितवाली म्हणाली. ती मघापासून उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून पडदा वाचत होती. "मला यातलं कळत नाही. पण हा ज्या नावाच्या डिस्कची तक्रार करतोय आणि तुम्ही जी दुरुस्त करताय, त्यांची नावं वेगळी आहेत. पहिलं अक्षर बघा."

"आभासी डिस्कला दोन तऱ्हेची नावं असतात. कशी जोडली त्यावर..." बाई बोलता बोलता थांबल्या. बोट उचललं.

कशी जोडली त्यावर. अपडेटनंतर सर्व्हरने आतल्या संगणकाची डिस्क वेगळ्या पद्धतीने जोडली होती. आतला बिचारा जुन्याच दारावर धडका देत होता. नव्या दाराची किल्ली त्याच्याजवळ नव्हती. डिस्कला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. आणि आपण तिच्यावर सुरी चालवायला निघालो होतो.

कपाळावर घाम आला. त्या थंड खोलीत बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि टाइप केलेली आज्ञा एकेक अक्षर करून मागे पुसली.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सकाळपासून उभ्या आहात, बाई. बसा तरी."

त्या बसल्या. आतल्या संगणकाची जुळणी लिहिलेली फाइल उघडली, डिस्क जोडण्याची पद्धत पूर्वीसारखी केली, जतन केलं. दोनदा वाचलं. गणितवालीकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेतलं. मग चालू केलं.

ओळी धावल्या. जिथे सकाळपासून घोडं अडत होतं ती ओळ आली आणि पुढे गेली. मग नोंदींचा परिचित निळा पडदा उघडला. गणितवालीने कालच्या संध्याकाळचा शेवटचा रोगी शोधला. होता. मंगळवारचे बदललेले प्लॅनही होते, तिच्या सहीसकट.

तिने तोंडावर हात ठेवला आणि रडू की हसू अशा आवाजात म्हणाली, "मी वर सांगते."

"आधी कागदांशी ताडून बघू," बाई म्हणाल्या. "दहा-बारा जणांचं तरी. मग सांगू."

डॉक्टर बाराच्या ठोक्याला खाली आले तेव्हा दोघी कागद पसरून आकडे जुळवत होत्या. त्यांनी एक खोकं ओढलं आणि तेही वाचायला बसले.

*

दुपारी मशीन सुरू झालं. नर्स नावं पुकारू लागली. लांबून आलेल्यांना आधी घ्यायचं ठरलं. म्हातारीचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. खुर्ची रिकामी होती.

"गेले ते," बाईंचे यजमान कुजबुजले. "अकराच्या सुमाराला. पोरगा थांबू म्हणत होता. तीच उठली."

बाईंनी स्वागतकक्षातून फोन लावला. मागे गाडीची घरघर ऐकू येत होती.

"सुरू झालंय. या तुम्ही," बाई म्हणाल्या. "कितीही उशीर झाला तरी आईंना घेतो. मी थांबते."

फोन मुलाने घेतला होता. सकाळचा आवेश आवाजात उरला नव्हता. "बाई, ती नाही म्हणतेय. आज नाही असं नाही, आता नकोच म्हणतेय. तुम्हीच बोला."

म्हातारीचा आवाज लांबून आल्यासारखा आला. "पोरी, तुझ्यावर राग नाही हो. मनात बरेच दिवस होतं. आज तिथे बसले होते ना, तर कुणी बोलावत नव्हतं, कुणी झोपवत नव्हतं. फार बरं वाटलं बघ."

"थोडेच राहिलेत, आजी."

"असू देत. तुझं माणूस फार चांगलं आहे. त्याचं नीट कर."

फोन बंद झाला. बाईंनी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "उद्या मी स्वतः बोलतो." पण त्या बोलण्यात फारशी आशा नव्हती, हे बाईंना ऐकू आलं.

संध्याकाळी सर्वांत शेवटी बाईंच्या यजमानांना घेतलं. इतक्या आठवड्यांत बाई पहिल्यांदाच वरच्या खोलीपर्यंत आल्या होत्या. जाड दार सरकत बंद झालं. पडद्यावर त्यांचं नाव आलं, नवा प्लॅन आला, हिरवा होकार आला. थोड्या वेळाने दार उघडलं. ते उठून बसले होते, गालांवर जाळीचे वळ उमटले होते.

ऑपरेटरने त्यांचा मुखवटा पुसायला घेतला. डोकं हलू नये म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून ओतून केलेला, पांढऱ्या जाळीचा. भिंतीवर अशा मुखवट्यांची रांग होती. कुणाचं नाक मोठं, कुणाचे गाल बसलेले. सगळे आज वापरून पुसल्यामुळे ओलसर होते. एकच छोटासा, निमुळत्या हनुवटीचा, कोरडा होता.

"हा काढून ठेवू का, बाई?" ऑपरेटरने विचारलं.

बाईंनी यजमानांच्या खांद्यावर शाल घातली. ते भिंतीकडेच पाहत होते.

"उद्या पुसशील ना सगळे," बाई म्हणाल्या, "तेव्हा तोही पूस."