तेलाचा हात

जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, परातीला आतून तेलाचा हात फिरवताना मनकर्णाबाईंच्या तोंडात नाम होतं आणि पोटात धनराज साहेबांची फजिती पाहायची इच्छा. देवाला दोन्ही ठाऊक होतं. त्याच्यापासून काय लपवायचं!

"वहिनी, हे काय करून राहिल्या?" भैयालालनं विचारलं. तो त्यांचा चुलत दीर. त्यांच्या प्रत्येक कीर्तनाला मृदंग त्याचाच.

"साहेबाले परात पाहिजे म्हणे. देऊन राहिली."

"तेल लावून?"

"तुले काय करायचं? तू आपल्या मृदंगाले कणीक लाव."

गेल्या वर्षी एका संस्थेनं भंडाऱ्याला छोटंसं विज्ञान संग्रहालय काढलं. त्यात नॅनोचं दालन होतं, आणि धनराज साहेब त्याचे प्रमुख. खेड्यातल्या माणसाला कळावं म्हणून त्यांनी मनकर्णाबाईंचं कीर्तन ठेवलं. बाईंनी मन लावून शिकून घेतलं. केसाची जाडी लाखभर भागांत चिरली तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनो, हे त्यांनी चालीत बसवलं. आख्यान लावलं राजानं विहिरीत लोटलेल्या कुंभारभक्ताचं. भक्त पाण्यात पडतो, हाताला मुळी लागते, तो देवाला हाक मारणार, एवढ्यात साहेबांनी माइक बंद केला.

"बस करा बाई, पाहुण्यांना जेवायचंय. आणि नॅनोत देव कुठून घुसवता?"

पाहुणे हसले. आरती झालीच नाही. कीर्तन अर्धं टाकून उठलेली बाई पुन्हा गादीवर उभी राहिली नव्हती. वर्षभर तो कुंभार विहिरीत मुळी धरून लोंबकळत होता, आणि बाईंच्या घशात ती हाक अडकली होती.

आज संग्रहालयाची गाडी बाईंच्या गावी, आसगावात आली होती. देवळाच्या सभामंडपात सतरंजी पडली. संस्थेचे मोठे साहेब पुढच्या खुर्चीत बसले. गाडीतलं काचेचं भांडं रस्त्यात फुटलं, म्हणून पाण्यावरच्या तेलाच्या प्रयोगाला परात हवी होती. तेलकट भांड्यात हा प्रयोग मरतो, असं धनराज साहेबच मागं आपल्या मदतनिसावर ओरडले होते. बाईंनी ते नीट ऐकून ठेवलं होतं.

धनराज साहेबांनी परातीत पाणी ओतलं, वर हळद भुरभुरली. "आता काडीच्या टोकावरचा तेलाचा थेंब टेकवतो. हळद कडेला पळेल. तेलाचा जो पापुद्रा पसरेल ना, तो एक-दोन नॅनोमीटरचा!"

थेंब टेकला. हळद हलली नाही.

दुसरा टेकला. हळद ढिम्म.

"साहेब, तिले गाडी लागली असन!" मागून कोणीतरी बोललं. देऊळभर हशा उसळला. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. धनराज साहेबांच्या कपाळावर घाम आला, आणि खांबाला टेकलेल्या मनकर्णाबाईंना तीर्थ प्याल्यासारखं गार वाटलं.

साहेबांनी परातीच्या आतून बोट फिरवलं. बोट घसरलं.

"ही परात कोणी दिली?"

"म्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तेलही म्याच लावलं."

सगळे वळून पाहू लागले. शेजारची शकुंतलाबाई म्हणाली, "काहून वो बाई? देवळात असं करते?"

"याहीनं माझं कीर्तन अर्ध्यात तोडलं. बिना आरतीचं."

शकुंतलाबाईनं गालावर हात मारून घेतला. "बिना आरतीचं? म्हणजे तो दोष अजून उभाच हाय?"

"पाहुण्यांचं जेवण..." साहेब पुटपुटले.

"जेवण थंडं झालं असतं साहेब, देव ताटकळला त्याचं काय?" म्हातारा टेकचंद उठून उभा राहिला. "आता फेडून जा."

"काय करू?"

"पहिले परात घासा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग तुमचा खेळ दाखवा. मग माझं उरलेलं कीर्तन होईन, अन् तुम्ही टाळ धरान. टाळकरी आरतीपर्यंत बसत नाही, जात नाही. कबूल?"

मोठे साहेबच म्हणाले, "कबूल करा हो, धनराज."

साहेबांनी बाह्या सारल्या, नळापाशी उकिडवं बसून राखेनं परात घासली. बायका वाकवाकून पाहत होत्या. "कडेले राह्यलं जी!" "घरी कोण घासते, बाई?" साहेब मान वर न करता घासत राहिले.

नव्या पाण्यावर हळद पडली, थेंब टेकला, आणि हळद फाटून कडेला पळाली. मधोमध पाण्याचं नितळ वर्तुळ उघडं पडलं. "अरे बापा!" टेकचंद ओरडला. टाळ्या पडल्या. मनकर्णाबाईंनीही वाजवल्या, जे खरं ते खरं.

मग त्यांनी पदर खोचला आणि साहेबांच्या हातात टाळ दिले.

"राजानं लोटलेल्या भक्ताच्या हाताले मुळी लागली," बाईंनी तिथूनच धरलं, "अन् त्यानं हाक मारली..."

वर्षाची अडकलेली हाक निघाली तशी देवळावरची कबुतरं उडाली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. साहेब टाळ वाजवत होते, कधी आधी, कधी नंतर. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुढचा कार्यक्रम पवनीला होता. साहेबांच्या खिशातला फोन थरथरून थांबला, पुन्हा थरथरला. त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला आणि बाईंकडं केविलवाणं पाहिलं.

कुंभार विहिरीच्या निम्म्यावर आला होता. दोन ओळींत काठावर आला असता.

मनकर्णाबाईंनी हसून विठोबाकडं पाहिलं, त्याची मनातल्या मनात माफी मागितली, आणि भैयालालला डोळ्यांनी खूण केली: लय आणखी संथ घे.