शिराची हाक

“शीर!” वाहेदने हाक दिली आणि उत्तमरावांनी आपली निळी तलवार डोक्यावर आडवी धरली. खट् करून नळीवर नळी आदळली. खुर्च्यांवर बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

भर दुपारी मंगल कार्यालयाचे पडदे ओढून अंधार केला होता. रागिणी मोबाइलवर दाखवायची मालिका काढत होती आणि तिला एक म्हातारा गुरू हवा होता. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर लोक तेजाच्या तलवारींनी लढतात, तलवार नुसती टेकली तरी माणूस खलास, अशी तिची गोष्ट. तो ग्रह अमरावतीबाहेरच्या एका खदानीत उभा राहणार होता, हा भाग वेगळा. गुरू शोधत ती अखाड्यात आली, आणि अखाड्यात लढणारे म्हातारे उरले होते दोनच. जिंकेल तो गुरू, असं ठरलं.

तलवारी वाहेदने बनवल्या होत्या. पांढरी नळी, आत दिव्यांची पट्टी, मुठीत बटण. लग्नांत लायटिंग लावायचा त्याचा धंदा. उभा जन्म त्याने दुसऱ्यांच्या नवरदेवांवर उजेड पाडला आणि त्याच्याकडे कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. एकदा तरी आपल्यावर उजेड पडावा, अशी हाव त्याच्या मनात होती. तोंडाने तो कधी बोलला नव्हता, एवढंच.

उत्तमराव त्याचे वस्ताद. वलगावला त्यांचा भाजीचा मळा. वाहेदच्या हातात पहिला दांडपट्टा त्यांनीच दिला होता. पुढे काचबिंदूने त्यांची नजर खाल्ली, समोरचा माणूस धुरकट दिसू लागला, पट्टा सुटला आणि म्हातारा पार खचला. मग वाहेदने त्यांना ही तलवार पेटवून दाखवली. “अंधारात जाळ दिसते ना बाप्पा मले!” म्हणत ते हरखून गेले. म्हणून तर वाहेदने स्वतःच्या लाल तलवारीत दुप्पट उजेडाची पट्टी घातली होती. त्यांना दिसावी म्हणून.

बाकीचं काम कान करत. अखाड्याची रीतच तशी होती. वार करायच्या आधी वाराचं नाव घ्यायचं. शीर म्हटलं की डोक्यावर, तमाचा म्हटलं की गालावर, कमर म्हटलं की कमरेवर. न सांगता मारेल त्याला उत्तमराव अखाड्यात उभं करत नसत.

“तमाचा!”

उत्तमरावांनी वार झेलला, गर्रकन वळून स्वतः हाक दिली आणि निळी नळी वाहेदच्या कमरेपासून बोटभर अंतरावरून गेली. पोरं ओरडली. वाहेद दोन पावलं मागे सरकला. म्हातारा जिंकतोय. उद्या गावभर मोबाइलवर यांचा चेहरा दिसेल आणि आपण पुन्हा वायरी गुंडाळत बसू.

“शीर!” तो ओरडला, आणि त्याने अंगठ्याने बटण दाबलं.

लाल उजेड गेला. उत्तमरावांची तलवार इमानाने डोक्यावर गेली आणि तिथेच थांबली. वाहेद खाली वाकला. त्याची तलवार पुन्हा पेटली ती उत्तमरावांच्या कमरेला टेकूनच.

टाळ्यांचा कडकडाट झाला. रागिणी धावत आली. “काका, काय भारी डाव हाय! हाकेनं फसवायचं, तलवार विझवायची अन् भलतीकडूनच पेटवायची. पोरांले हाच शिकवा. याले नाव तुमचंच देऊ.”

उत्तमराव अजून हात वर धरून उभे होते.

“तू शीर नव्हतं का म्हनलं?” त्यांनी हळूच विचारलं.

वाहेद मुठीतल्या बटणाकडे पाहत राहिला.

“मले तं शीरच आयकू आलं. डोये गेलेच होते, आता कानबी गेले वाटते.”

एक शब्द बोलायचा होता, फक्त एक. पण रागिणीने मोबाइल रोखला होता आणि वाहेद तिकडे तोंड करून उभा राहिला. उत्तमरावांनी रीतीप्रमाणे आपली तलवार जिंकणाऱ्याच्या हातात दिली. ती घेताना वाहेदला स्वतःच्या हाताची किळस आली.

वलगावपर्यंत उत्तमराव वाहेदच्या स्कूटरवर मागे बसून बोलत राहिले. “आता अखाड्यात नाई येत मी. दिसत नाई, आयकू येत नाई. एखाद्या पोराले लागलं-बिगलं तं? घरी गंगूले सांगू नको कानाचं, जीवाले लावून घेईन.” वाहेद हं हं करत होता. आरशात त्यांच्याकडे पाहायचं तो टाळत होता.

मळ्याशी उतरल्यावर उत्तमरावांनी कुंपणातली एक पऱ्हाटी, कपाशीची वाळकी काठी, उपसली. “थांब जरा. तिकडं दूर जाय अन् हाक दे. पायतो, किती आयकू येते ते.”

वाहेद बोरीच्या झाडापाशी जाऊन उभा राहिला. नुसतं पुटपुटलं असतं तरी भागलं असतं. कान गेल्याची म्हाताऱ्याची खात्री पटली असती आणि चोरी पचली असती. त्याने छाती भरून हाक दिली.

“शीर!”

पऱ्हाटी डोक्यावर गेली.

“कमर!” कमरेशी आली.

“हळू म्हन.”

“तमाचा,” वाहेद जवळजवळ कुजबुजला. पऱ्हाटी बरोबर गालापाशी आडवी झाली.

ती तिथेच राहिली. उत्तमरावांचं तोंड उजळलं होतं, ते हळूहळू विझत गेलं. मग त्यांनी हात खाली घेतला.

“कान चांगले हायेत,” ते म्हणाले.

“वस्ताद, मी...”

त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. तेवढ्यात मळ्यातल्या घराच्या दारातून त्यांच्या बायकोने, गंगूबाईंनी विचारलं, “कोन जिकलं वो?”

“वाहेद जिकला. चाय मांड त्याच्यासाठी.”

मळ्यात शिरताना नालीवर एक फळी होती. तिथे उत्तमराव नेहमी वाहेदचा हात धरत. आजही वाहेदने धावत येऊन हात पुढे केला. उत्तमरावांनी पऱ्हाटी टेकवून फळी चाचपली आणि ते एकटेच पलीकडे गेले.