उपाशी रातकिडे

माझे सासरे हाडाचे शिंपी. मागची खोली त्यांच्या मशीनची होती. मी तिथे रातकिड्यांच्या पेट्या मांडल्या आणि मशीन गेलं जिन्याखाली. तेव्हापासून जेवताना टोमणा ठरलेला. "लोक गाई पाळतात, आमच्या सूनबाई किरकिर पाळतात."

शेवटी तह झाला. रातकिड्यांच्या पिठाची बिस्किटं बेकरीवाल्याला पसंत पडली तर खोली माझी, नाहीतर पेट्या बाहेर आणि मशीन आत. बेकरीवाल्यानंही आधी तोंड वाकडं केलं होतं, पण एकदा करून बघतो म्हणाला. एकदाच.

आमच्या धंद्यात काढणीच्या आदल्या दिवशी किड्यांना उपाशी ठेवतात. पोट रिकामं झालं की फ्रीजरमध्ये झोपवायचे, मग भाजायचे, दळायचे. भरल्या पोटाच्या किड्यांचं पीठ कडवट लागतं. मी खाणं काढून घेतलं, ओला स्पंज तेवढा ठेवला आणि दार लोटून घेतलं.

सकाळी बघते तर पेट्यांत काकडीच्या चकत्या! एकजात सारख्या, मापून कापलेल्या. असा हात घरात एकाचाच.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, खोली हवी होती तर सरळ मागायची. हा कसला रडीचा डाव?"

"रडीचा डाव?" ते ताडकन उठले. "अगं, काल तू खाणं काढून घेतलंस आणि कसा टाहो फोडला बिचाऱ्यांनी! भुकेल्या जिवाला चार चकत्या घातल्या तर काय बिघडलं?"

"ते भुकेनं ओरडत नाहीत, बाबा. नर आहेत ते. बायको शोधतात."

सासऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मला हसूही येत होतं आणि रडूही, कारण बेकरीवाला दुपारी पीठ न्यायला येणार होता.

सासरे चपला घालून बाहेर पडले. बेकरीवाल्याची पहिली फुलपँट त्यांनीच शिवलेली. तिथे काय बोलणं झालं कोण जाणे. परत आले ते एवढंच म्हणाले, "उद्या येतोय. चूक माझी, सुनेची नाही, असं सांगितलंय."

किडे पुन्हा उपाशी. सासरे दाराबाहेर स्टूल टाकून राखणीला बसले. मी ताट नेलं, तर हातानंच नको म्हणाले.

"त्यांच्यासमोर मी कसा जेवू?"

पीठ बेकरीत गेलं आणि बिस्किटं झकास खरपूस झाली. बेकरीवाल्यानं दोन खाल्ली, तिसरं खिशात टाकलं आणि दर महिन्याला पीठ लागेल म्हणाला. खोली माझी झाली. मग मीच खिडकीपाशी जागा करून मशीन आत घेतलं. काही झालं तरी उजेड तिथेच चांगला येतो. सासऱ्यांनी मशीनवरची धूळ नंतर पुसली, आधी ते नव्या पिल्लांच्या पेट्यांत डोकावले.

मी बिस्किटांची बशी पुढे केली. "आता तरी चव घ्या. किडा म्हणून नाक मुरडू नका."

"नाक कोण मुरडतंय?" सुईत दोरा ओवत ते म्हणाले. "पण ओळखीच्यांना मी खात नाही."