बाळाच्या उशाचा चाकू

ऋतुजाचं पहिलं बाळंतपण झालं ते साल नव्व्याण्णवचं. वारजं पालिकेत जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिच्या सासऱ्याच्या, सर्जेरावाच्या नदीकाठच्या मळईच्या रानात बिल्डरनं पायाचे खड्डे घेतले होते. चैताचं ऊन पेटलेलं. काळी माती ट्रकात भरून चालली होती, तिचा फुफाटा दारात येऊन बसत होता. पोर आठव्या महिन्यातच झालं. दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

पाचवी तोंडावर आली तशी सर्जेरावाच्या बायकोनं, गोदाबाईनं, त्याच्या हातात चाकू दिला. पितळी मुठीचा, दुमडायचा. उघडला की तीन पाती पंख्यासारखी पसरायची आणि प्रत्येकाच्या धारेला पोपटाच्या चोचीसारखा एक दात. त्यानं ना कांदा चिरायचा, ना सुतळी तुटायची. पणज्यानं ह्यानंच बिबट्या मारला, असं घरात सांगत. म्हणून जन्मलेल्या पोराच्या उशाला पाचवीच्या रात्री तो असायचाच. सटवाई नशीब लिहायला येते, तिच्या मागनं दुसरं काही आत शिरू नये.

सर्जेरावाचा पोरगा, ऋतुजाचा नवरा विश्वजीत, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. जागून जागून त्याचे डोळे तांबारले होते.

"आबा, तिथं मला हात धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि हे काय? कशाचा चाकू हा?"

"वाघाचा."

"आधी कुणाला तरी विचारून या, कशाचा आहे ते. मग बघू."

पोरानं बला टाळली होती. बापानं ती अट धरली.

"दुखणं रेड्याला आन औषध पखालीला," गोदाबाई करवादली. "पोर पेटीत, आन तुमी निगालात गावात."

"त्याला पटाया नगं?"

पाचवीच्या दिवशी सकाळीच सर्जेराव निघाला. मार्केट यार्डातला ओळखीचा आडत्या म्हणाला, "आडकित्ता हाय का काय? सुपारी घाल बघू." शेवटी कुणीतरी शनिवार पेठेत तात्यारावांच्या जुन्या पितळेच्या दुकानात धाडलं. त्यानं पणज्याची गोष्ट सांगितली. तात्यारावांनी पाती उघडली, मिटली.

"ह्यानं बिबट्या मारला? अहो, बिबट्या आधी हसून मेला असता."

"मंग हाय तरी कशाचा?"

"घोड्यांचा. विलायती आहे, हा छाप बघा. लष्कराच्या पागेत असायचे. घोडा आजारी पडला की हा दात मानेच्या शिरेवर टेकवायचा आणि वरून लाकडाचा टोला. बादलीभर रक्त जाऊ द्यायचं. वाईट रक्त गेलं की दुखणं जातं, असं समजत."

"आन जायाचं?"

"आधीच खंगलेलं जनावर, त्यात रक्त काढलेलं. बहुतेक वेळा घोडाच जायचा. आपले पणजोबा पागेत होते का?"

"मोतद्दार हुते म्हनं." घोड्यांची निगा राखणारा. एवढंच घरात ठाऊक होतं.

"विकायचाय?"

"न्हाई."

सांजेला तो दवाखान्यात पोचला. घोड्याचं दुखणं काढायचा चाकू, एवढंच त्यानं विश्वजीतला सांगितलं.

"म्हणजे औषधाचाच की. सिस्टर म्हणाल्या, उकळून दिलात तर पेटीखाली ठेवू. द्या."

सर्जेरावाचा हात खिशातून निघेना. काचेपलीकडं पोराच्या टाचेला कापूस लावलेला होता.

"सकाळधरनं तिसऱ्यांदा रगात काढलं," गोदाबाई म्हणाली. "द्या की त्याच्याकडं."

"ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे काय? आज पाचवी हाय."

"त्यो तसला न्हाई, गोदे."

"तसला म्हंजी कसला? तुमच्या उशाला हुता तवा चालला? माझ्या पोराच्या उशाला हुता तवा चालला?"

ज्याच्या पायी घोडे मेले ते लोखंड पोराखाली सारायचं कसं, आणि आपण त्याच्यावरच झोपून वाढलो हे बोलायचं कसं? तो खाली फाटकापाशी जाऊन बसला. विश्वजीतनं पुन्हा विचारलं नाही. पाचवी तशीच सरली.

त्यानंतर गोदाबाई नवऱ्याशी बोलली ती ताट वाढण्यापुरती. ह्यानं सटवाईच्या मागं दार उघडं टाकलं, असं ती आल्यागेल्याला सांगायची, त्याच्यादेखत.

विश्वजीतचा मुलगा, नाव ठेवायचं राहिलेला, जन्माच्या आठव्या दिवशी पहाटे वारला. गोदाबाई दोन हजार चार साली, दिवाळीच्या आधी वारली.